ऑनलाइन स्लॉटमधल्या बक्षीस-योजना परवडतात का? – अनुभव धागा

ब्रिटनमध्ये राहायला येऊन मला अकरा वर्षे झाली. इथे ऑनलाइन स्लॉट, म्हणजे कळ दाबली की पडद्यावर चित्रांची चक्रे फिरून नशिबाने हार-जीत ठरणारा पैशांचा खेळ, हा परवानाधारक आणि उघडपणे जाहिरात होणारा व्यवसाय आहे, आणि ओळखीच्या काही मराठी घरांमध्ये तो शनिवार रात्रीचा विरंगुळा म्हणून शिरलेला मी पाहिला आहे. गप्पांमध्ये मात्र खेळापेक्षा त्यावरच्या बक्षीस-योजनांचीच चर्चा जास्त होते: कोणत्याही स्पिनवर (चक्रांच्या एका फेरीवर) अवचित पडणारे रोख बक्षीस, आठवड्याची लीडरबोर्ड (गुणांच्या क्रमवारीची) स्पर्धा, पैसे भरल्यावर मिळणारा बोनस, फुकट स्पिन. या योजनांत भाग घेतला तर खेळणाऱ्याच्या पदरात खरोखर काही पडते का, एवढाच प्रश्न या धाग्यात विचारायचा आहे. ज्यांनी स्वतः खेळून, घरातल्या कुणाला खेळताना पाहून किंवा या व्यवसायात नोकरी करून काही अनुभवले असेल, त्यांनी ते शक्य तितक्या आकड्यांसह लिहावे. कंपन्यांची नावे कृपया टाळावीत.

सुरुवात माझ्यापासून करतो. मी हिशेबनीस आहे आणि मिल्टन कीन्समध्ये राहतो. मुले झोपल्यावर शनिवारी रात्री २० पेन्सच्या पैजेने साधारण २०० स्पिन खेळायचे, पंधरा मिनिटांत फोन ठेवायचा, असा माझा रिवाज होता. म्हणजे एका रात्रीची उलाढाल, लावलेल्या सगळ्या पैजांची बेरीज, ४० पौंड. माझ्या आवडत्या खेळाच्या माहितीपानावर आरटीपी, म्हणजे दीर्घकाळात खेळणाऱ्यांना परत मिळणारा वाटा, ९४.५ टक्के असा लिहिलेला आहे. त्या हिशेबाने मला आठवड्याला सरासरी २.२० पौंड खर्च येत होता, आणि तो मी करमणुकीचा खर्च मानत होतो. (एक गोष्ट इथेच सांगतो. तोच खेळ, तेच चित्र, तेच संगीत असले तरी खेळ बनवणारी कंपनी तो वेगवेगळ्या आरटीपीने पुरवू शकते, त्यामुळे मित्राकडे ९६.५ टक्के दिसणारा खेळ तुमच्याकडे ९४.५ टक्क्यांचा असू शकतो. माहितीपान उघडून पाहिल्याशिवाय हे कळत नाही.)

मग त्या खेळावर रोज पडणाऱ्या बक्षिसांची योजना सुरू झाली. बक्षीस कोणत्याही स्पिनवर मिळू शकत होते, फक्त त्यासाठी किमान पैज ५० पेन्सची हवी होती. ही अट मला तेव्हा किरकोळ वाटली. बारा आठवडे मी निळ्या पुठ्ठ्याच्या वहीत नोंदी ठेवल्या. बक्षीस 'कोणत्याही' स्पिनवर असल्यामुळे पुढचा स्पिन सोडवत नसे, आणि आठवड्याचा पंधरा मिनिटांचा खेळ पाऊण तासावर गेला. आठवड्याला सरासरी ६०० स्पिन, तेही ५० पेन्सने, म्हणजे ३०० पौंडांची उलाढाल. बारा आठवड्यांत ३,६०० पौंड फिरवले, आणि आरटीपीच्या हिशेबाने त्यातले १९८ पौंड जायला हवे होते. प्रत्यक्षात २३१ गेले. बक्षिसे चार मिळाली: तीन वेळा ५ पौंड आणि एकदा १० पौंड, एकूण २५. जुन्या पद्धतीने खेळलो असतो तर याच काळात सरासरी २६ पौंडांच्या आसपास गेले असते.

बक्षीस मिळाल्याच्या चारही रात्री मी बायकोला उत्साहाने सांगितले होते. उलाढाल साडेसात पट झाल्याचे मात्र वहीत बेरीज करेपर्यंत माझ्याही लक्षात आले नव्हते.

लेस्टरहून, परिचारिका

मी मूळची नाशिकची. माझा अनुभव लीडरबोर्ड स्पर्धेचा आहे. एका स्पिनमध्ये पैजेच्या किती पट रक्कम मिळाली, यावर आमच्या स्पर्धेत गुण ठरत असत, आणि पहिल्या ५० जणांना बक्षीस होते. पैज किती मोठी याला महत्त्व नसल्यामुळे ही योजना आपल्यासारख्या कमी पैशात खेळणाऱ्यांसाठी न्याय्य आहे, असे मला मनापासून वाटत होते.

त्या रविवारी माझी सुट्टी होती आणि स्पर्धा मध्यरात्री संपणार होती. रात्री नऊ वाजता मी ४७ व्या क्रमांकावर होते. दुसऱ्या दिवशीच्या डब्याची भाजी परतताना फोन ओट्यावर मसाल्याच्या डब्याला टेकवून ठेवला होता, आणि दर दोन मिनिटांनी ओल्या बोटाने पडदा खाली ओढून क्रमांक पाहत होते. दहा वाजता ५२ झाला. तोपर्यंत मी त्या दिवसापुरता खेळ थांबवला होता, पण हातात आलेले कुणीतरी काढून घेतल्यासारखे वाटले. मी ३० पौंड भरले, पुन्हा ३० भरले, नंतर ४० आणि शेवटी ११ वाजून ३५ मिनिटांनी आणखी ४०. स्पर्धा संपली तेव्हा मी ४४ व्या क्रमांकावर होते.

म्हणजे मी जिंकले. अभिनंदनाचा ईमेल आला आणि २० पौंड जमा झाले, तेही रोख नव्हे तर बोनसच्या रूपात, ज्यांच्यावर पुन्हा ठरावीक रकमेपर्यंत खेळण्याची अट होती. भरलेल्या १४० पौंडांपैकी खात्यात काहीही उरले नव्हते. हरले असते तर कदाचित पुढच्या आठवड्यात पुन्हा खेळले असते आणि हे ध्यानात यायला आणखी वेळ लागला असता. जिंकल्यामुळेच त्या २० आणि १४० या दोन आकड्यांकडे शेजारी शेजारी पाहता आले.

दुसऱ्या दिवशी मी गॅमस्टॉपवर नाव नोंदवले. ब्रिटनमधल्या सर्व परवानाधारक ऑनलाइन कंपन्यांना २०२० पासून या यंत्रणेत सहभागी व्हावेच लागते, आणि एकदा नोंद केली की निवडलेल्या मुदतीत, म्हणजे सहा महिने, एक वर्ष किंवा पाच वर्षे, त्यांपैकी कुठेही खेळता येत नाही. मी सहा महिने निवडले आणि शिवाय बँकेच्या अ‍ॅपमध्ये जुगाराचे व्यवहार बंद करण्याची कळ असते, तीही दाबली.

हॅरोहून

लेस्टरच्या ताईंनी बोनसवरच्या अटीचा उल्लेख केला आहे, तिचाच माझा अनुभव लिहितो. २०१९ साली ५० पौंड भरल्यावर मला ५० पौंडांचा बोनस मिळाला होता. अट ३५ पटीची होती, म्हणजे पैसे काढण्याआधी बोनसच्या ३५ पट, १,७५० पौंडांच्या पैजा लावायच्या. खेळाचा आरटीपी ९६ टक्के धरला तरी एवढ्या उलाढालीत सरासरी ७० पौंड जातात. पन्नास मिळवण्यासाठी सत्तर घालवायचे असा तो सौदा होता, आणि तो करार मी वाचून, खाली सही केल्यासारखी खूण करून स्वीकारला होता.

माझे नशीब त्या दिवशी चांगले होते. अट पूर्ण झाली तेव्हा खात्यात ३१० पौंड दिसत होते. मी ते काढायला गेलो, तेव्हा कळले की बोनस चालू असताना एका स्पिनवर ५ पौंडांपेक्षा जास्त पैज लावायची नाही असे एक कलम होते आणि मी एकदा, फक्त एकदा, ६ पौंड लावले होते. सगळी जिंकलेली रक्कम रद्द झाली आणि माझे मूळ ५० पौंड तेवढे परत आले. मी तक्रार केली, पण कलम खरोखरच लिहिलेले होते.

आता परिस्थिती सुधारली आहे, हेही सांगायला हवे. १९ जानेवारी २०२६ पासून इथल्या गॅम्बलिंग कमिशनने, म्हणजे जुगारावर नियंत्रण ठेवणाऱ्या संस्थेने, ही अट जास्तीत जास्त दहा पटीवर आणली आहे. त्याच ५० पौंडांच्या बोनसवर आता ५०० पौंडांची उलाढाल, म्हणजे सरासरी २० पौंडांचा तोटा. कागदावर ३० पौंड खेळणाऱ्याच्या बाजूला राहतात. माझ्यासारख्याला हा नियम सात वर्षे आधी हवा होता.

धागाकर्ता

हॅरोच्या दादांचा हिशेब बरोबर आहे, पण एक पुस्ती जोडतो. ते ३० पौंड तेव्हाच उरतात, जेव्हा माणूस ५०० पौंडांची उलाढाल पूर्ण करून तिथेच थांबतो. शिवाय 'सरासरी' हा शब्द एका संध्याकाळी फारसा उपयोगी पडत नाही. ज्या खेळात मोठी बक्षिसे क्वचित आणि बाकी काळ कोरडा असतो, तिथे ५०० पौंडांची उलाढाल पूर्ण व्हायच्या आतच खाते रिकामे होण्याची शक्यता बरीच असते.

एडिनबरोहून

मला वेगळी बाजू मांडायची आहे, कारण योजना परवडूच शकत नाहीत असे म्हणणे खरे होणार नाही. मी विद्यार्थी असताना वर्षभर फक्त योजनांसाठी खेळलो. स्प्रेडशीट ठेवली होती आणि जिथे अट नाही किंवा अट फार हलकी आहे, तेवढ्याच योजना घेत असे. दहा पेन्सचे दहा फुकट स्पिन, मिळालेले पैसे थेट रोख, अशी योजना साधारण ९५ पेन्स मोलाची असते, आणि ते ९५ पेन्स खरोखर आपले असतात. वर्षाअखेरीस मी ६०० पौंडांपेक्षा थोडा जास्त पुढे होतो, आणि ब्रिटनमध्ये खेळणाऱ्याला जुगाराच्या जिंकण्यावर कर लागत नसल्यामुळे ते सगळे माझ्याकडे राहिले.

दोन गोष्टी मात्र प्रामाणिकपणे सांगतो. पहिली अशी, की त्यासाठी जवळजवळ रोज तासभर अटी वाचण्यात जात होता, आणि तेवढ्या वेळात एखाद्या कॅफेत काम केले असते तर कितीतरी जास्त मिळाले असते. दुसरी अशी, की जसजसा मी नफ्यात गेलो तसतसे एकेका कंपनीचे ईमेल येत गेले: 'आपले खाते यापुढे प्रमोशनसाठी पात्र नाही.' खेळायला मनाई नव्हती, फक्त योजना बंद. अकरा खात्यांपैकी नऊ ठिकाणी असे झाले. ज्याला योजना परवडतात त्याला त्या मिळत नाहीत, हे मी तेव्हा शिकलो.

पुण्याहून

एडिनबरोच्या मित्राला आलेले ते ईमेल कसे पाठवले जातात, हे मी दुसऱ्या बाजूने पाहिले आहे. एका परदेशी कंपनीच्या ग्राहकसेवेत मी दोन वर्षे रात्रपाळीने काम केले. ब्रिटनमधल्या परवानाधारक कंपन्यांसारखी शिस्त तिथे नव्हती, हे आधीच स्पष्ट करतो, त्यामुळे माझा अनुभव सर्वांना लागू होईलच असे नाही.

सुरुवातीला चॅटवर उत्तरे देण्याचे काम होते. सहा महिन्यांनी मला 'रिटेन्शन'मध्ये, म्हणजे खेळाडू टिकवून ठेवण्याच्या विभागात टाकले. तिथे पडद्यावर प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे शेवटचा भरणा, आजवरचा एकूण भरणा, एकूण काढलेली रक्कम, शेवटचे लॉगिन आणि बोनसला दिलेला प्रतिसाद असे रकाने असत. भरणा आणि काढलेली रक्कम यांतला फरक म्हणजे त्या माणसाचा तोटा, आणि बोनस द्यायचा तो त्या तोट्याच्या एका ठरावीक हिश्शाच्या आत. 'तुमच्यासाठी खास भेट' असा जो संदेश मी पाठवत होतो, ती भेट त्या माणसानेच आधी हरलेल्या पैशांतला एक छोटा तुकडा होती. नियमितपणे पैसे काढणाऱ्यांची नावे आमच्या यादीत येतच नसत.

संदेश कधी पाठवायचा, हेही ठरलेले होते. एखादा सात दिवस फिरकला नाही की पहिला, चौदा दिवसांनी त्याहून मोठा. ज्यांचे भरणे महिन्याच्या सुरुवातीला होत, त्यांना एक तारखेला.

एका रात्री एका बाईंनी चॅटवर लिहिले की त्यांना खाते कायमचे बंद करायचे आहे. आम्हाला दिलेल्या क्रमाप्रमाणे आधी कारण विचारायचे, मग विश्रांती सुचवायची, मग बोनस द्यायचा आणि तरीही आग्रह धरला तरच बंद करायचे. मी बोनस दिला. त्यांनी तो घेतला. पहाटे साडेचारला त्यांच्या खात्यावर सलग पाचवा भरणा दिसला, तेव्हा माझी पाळी संपायला दीड तास बाकी होता. त्यानंतर मी पाच आठवडे तिथे होतो, कारण घरभाडे द्यायचे होते. ते पाच आठवडे मला आजही बोचतात.

सांगलीहून

भारतातली गोष्ट वेगळी आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. माझा धाकटा भाऊ २६ वर्षांचा आहे आणि एका खाजगी दुकानात हिशेब पाहतो. २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या ऑनलाइन गेमिंगच्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, पुरवण्यावर बंदी घातली आहे. पुरवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड अशी तरतूद आहे. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. हे सगळे वर्तमानपत्रात वाचून मी निर्धास्त होते, आणि त्याच दिवाळीच्या सुमारास भावाला टेलिग्रामवरच्या एका गटातून स्लॉटचे अ‍ॅप मिळाले. ते प्ले स्टोअरवर नव्हतेच, फाइल उतरवून घ्यायची होती.

योजना अशी होती, की पहिल्या भरण्यावर ५०० टक्के बोनस. त्याने २,००० रुपये भरले आणि पडद्यावर १२,००० दिसू लागले. पैसे यूपीआयने जात, पण प्रत्येक वेळी घेणाऱ्याचे नाव निराळे: एकदा कुठलेसे किराणा दुकान, एकदा ट्रेडर्स, एकदा नुसते एका माणसाचे नाव. तेव्हाच शंका यायला हवी होती, असे आता म्हणणे सोपे आहे. पण पडद्यावरचा आकडा वाढत होता. तीन आठवड्यांत तो ८४,६०० झाला.

पैसे काढायला गेला तेव्हा संदेश आला, की सरकारी नियमाप्रमाणे ३० टक्के कर आधी भरावा लागेल. ऑनलाइन खेळातल्या निव्वळ जिंकण्यावर आपल्याकडे खरोखरच ३० टक्के कर आहे, म्हणून त्याला ते पटले. त्याने मित्रांकडून उसने घेऊन २५,३८० रुपये भरले. मग १०,००० रुपयांची 'सुरक्षा अनामत' मागितली गेली. तीही भरून झाल्यावर तो माझ्याकडे आला, कारण त्यानंतर 'खाते पडताळणी'साठी आणखी १५,००० हवे होते.

जेवणाच्या ताटावर त्याने फोन माझ्यापुढे धरला आणि म्हणाला, "ताई, एवढे पंधरा दे, उद्या सगळे परत करतो." हिरव्या अक्षरांत ८४,६०० हा आकडा होता आणि त्याखाली उलटे मोजणारे घड्याळ होते. तो खोटे बोलत नव्हता. त्याचा त्या आकड्यावर पूर्ण विश्वास होता.

वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी असे चालू असेल, तर एवढे जरूर लक्षात ठेवा. या कराची व्यवस्था अशी आहे, की पैसे देणाऱ्याने तो जिंकलेल्या रकमेतून कापून घ्यायचा आणि सरकारकडे भरायचा असतो. जिंकणाऱ्याने आधी खिशातून कंपनीला 'कर' भरावा आणि मग जिंकलेले पैसे मिळावेत, अशी पद्धतच नाही. मी ताटावरून उठून १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावला. अनामतीचे १०,००० दोन तासांपूर्वीच गेले होते, ते पुढच्या बँकेत रोखले गेले. २५,३८० तोवर तीन-चार खात्यांतून पुढे सरकले होते. ते मिळालेले नाहीत.

ब्रिटनमधल्या लोकांचे हिशेब वाचताना मला जाणवले, की तिथे निदान माहितीपानावर आरटीपी लिहिलेला असतो आणि तक्रार करायला जागा असते. इथल्या अ‍ॅपमध्ये तो खेळ खरोखर चालत होता, की आकडे नुसते वाढवून दाखवले जात होते, हे कळायला मार्गच नाही. अशा ठिकाणी बोनस किती टक्के आहे, याचा विचार करण्यात अर्थ नाही, कारण १२,००० कधी अस्तित्वातच नव्हते. खरे होते ते फक्त आम्ही भरलेले ३७,३८०.

पणजीहून

मी मांडवीतल्या एका कॅसिनो जहाजावर सात वर्षे स्लॉट यंत्रांची देखभाल केली. गोव्यात स्लॉट यंत्रांना १९७६ च्या जुगारबंदी कायद्यातल्या १९९२ च्या दुरुस्तीमुळे वाट मिळाली, आधी पंचतारांकित हॉटेलांत आणि मग पाण्यावर. ऑनलाइन खेळाचा मला अनुभव नाही, पण बक्षीस-योजना कशासाठी असते, हे मी रोज पाहिले आहे.

आमच्याकडे ठरावीक गुणांमागे एक कुपन मिळे आणि रात्री एक वाजता सोडत निघे. अट एकच: नाव पुकारले जाईल तेव्हा हजर असायला हवे. दहा वाजता खिसा रिकामा करून निघालेली माणसे त्या सोडतीसाठी थांबत. तीन तास नुसते कोण बसणार? थोड्या वेळाने ती पुन्हा यंत्रासमोर दिसत. सोडतीचे बक्षीस एकाला मिळे आणि बाकीच्यांचा तीन तासांचा खेळ जहाजाला.

यंत्राबद्दल दोन शब्द लिहितो, कारण यावर लोकांचे फार गैरसमज आहेत. प्रत्येक स्पिनचा निकाल कळ दाबताक्षणी ठरतो आणि आधीच्या स्पिनशी त्याचा काही संबंध नसतो. तिसरे चिन्ह एका घराने हुकले, म्हणजे आपण जवळ पोचलो, असे नसते. एक रुपया लावून चाळीस पैसे परत आले तरी दिवे लागतात आणि संगीत वाजते, त्यामुळे साठ पैसे गेल्याचे मेंदूला जाणवत नाही. ब्रिटनने २०२१ साली ऑनलाइन स्लॉटमध्ये असा खोटा जल्लोष करायला बंदी केली आणि दोन स्पिनच्या मध्ये किमान अडीच सेकंद जायला हवेत असा नियम घातला, हे मला योग्य वाटते. जहाजावरच्या माणसाला निदान शेवटी लाँच पकडून धक्क्यावर परत यावे लागे. त्या दहा मिनिटांच्या वाऱ्यात कितीतरी जणांना मी भानावर येताना पाहिले आहे.

कोल्हापूरहून, निवृत्त शिक्षिका

माझा खेळ पैशांचा नव्हता, म्हणून लिहावे की नाही, असा विचार करत होते. माझ्या फोनमध्ये जो स्लॉटचा खेळ होता त्यात फक्त नाणी होती, ती कधीच रुपयांत बदलून मिळत नाहीत. दर चार तासांनी फुकट नाणी, रोज आल्याबद्दल भेट, आणि चित्रांचा एक संग्रह पूर्ण केला की मोठे बक्षीस. हे गेल्यापासून दुपार खायला उठे, आणि त्या वेळी तो खेळ मला सोबतीसारखा वाटला, हे नाकारणार नाही.

संग्रहातली शेवटची दोन चित्रे मिळत नव्हती, म्हणून एकदा ८९ रुपयांची नाणी विकत घेतली. नंतर तसे होत राहिले. चौदा महिन्यांनी सुनेने फोनमधल्या खरेदीची यादी उघडून दाखवली, तेव्हा बेरीज ३१,००० च्या पुढे होती. सून रागावली नाही. तिने फक्त विचारले, "आई, यातून तुम्हाला मिळायचे काय होते?" मला उत्तर देता आले नाही, कारण त्या बक्षिसातून आणखी खेळण्यासाठी आणखी नाणीच मिळायची होती. जिथे पैसे मिळण्याची शक्यताच नाही, तिथेही बक्षिसाची ओढ तितकीच काम करते, हे सांगण्यासाठी लिहिले. आता दुपारी मी वाचनालयात जाते.

एडिसन, न्यू जर्सीहून

थोडक्यात लिहितो. आमच्या राज्यात ऑनलाइन कॅसिनो २०१३ पासून कायदेशीर आहे. २०२४ मध्ये एका योजनेच्या आठवड्यात मला एकाच स्पिनवर १,५०० डॉलर मिळाले. तेव्हा १,२०० डॉलर किंवा त्याहून मोठ्या स्लॉट बक्षिसाची नोंद कंपनी थेट कर खात्याला कळवत असे, आणि तशी ती कळवली गेली. त्या वर्षी माझा एकूण तोटा १,५०० पेक्षा जास्त होता, पण केंद्रीय करात तो तोटा दाखवायचा तर वजावटी तपशीलवार मांडाव्या लागतात, आणि आम्ही प्रमाणित (सरसकट ठरलेली) वजावट घेतो. म्हणजे वर्षभरात हरूनही मी जिंकल्याचा कर भरला. २०२६ पासून तर तपशीलवार मांडणाऱ्यांनाही तोट्याच्या ९० टक्क्यांपर्यंतच वजावट मिळते. अमेरिकेत राहणाऱ्यांनी योजनेच्या हिशेबात कराचा रकाना धरावाच.

लेस्टरहून, पुन्हा

कोल्हापूरच्या काकूंचे वाचून एक लिहावेसे वाटले. माझे सहा महिने संपत आले आहेत. गॅमस्टॉपची मुदत संपली तरी बंदी आपोआप उठत नाही, ती उठवायला आपणहून सांगावे लागते, असे मला कळले, आणि मी सांगणार नाही. एक विचारायचे होते: धागाकर्त्या दादांनी ती निळी वही नेमकी कशी ठेवली होती? माझ्या प्रभागातली एक सहकारी अजून खेळते आणि तिला थांब म्हटलेले आवडत नाही, पण वही ठेवायला ती तयार आहे.

धागाकर्ता

ताई, रकाने साधे होते: तारीख, बसल्याची वेळ, उठल्याची वेळ, एका स्पिनची पैज, स्पिनची अंदाजे संख्या, सुरुवातीची शिल्लक, भरलेले पैसे, शेवटची शिल्लक आणि मिळालेले बक्षीस. बक्षीस रोख आहे की बोनस, हे त्यापुढे लिहायचे. पैज आणि स्पिन यांचा गुणाकार, म्हणजे त्या दिवसाची उलाढाल, त्याच रात्री लिहायला सांगा, दुसऱ्या दिवसावर ढकलू देऊ नका, कारण सकाळी तो आकडा काढायला मन घेत नाही.

सातव्या आठवड्यात मी आणखी एक रकाना आखला: 'योजना नसती तर आज खेळलो असतो का?' त्यात फक्त हो किंवा नाही लिहायचे. उरलेल्या सहा आठवड्यांत मी एकूण १७ वेळा खेळलो आणि त्यांपैकी ११ वेळा 'नाही' लिहिले आहे. शनिवार सोडून इतर वारीही मी खेळायला लागलो होतो, हे मला त्या रकान्यामुळे समजले. तुमच्या सहकारीला तो पहिल्या दिवसापासून आखू द्या. माझ्या वहीत पहिल्या सहा आठवड्यांपुढे ती जागा कोरीच आहे.